ड्रायव्हरसाठी एक खाट

गाडी भाड्याने ठरवताना आपण तीन प्रश्न हमखास विचारतो. किलोमीटरचा भाव काय? टोल कोणाकडे? एसी चालतो का? एखादा चौकस माणूस वाकून टायरही पाहतो. चौथा प्रश्न मात्र कोणी विचारल्याचे मी आजवर ऐकलेले नाही. पंचवीस वर्षे दवाखाना चालवूनही मला स्वतःला तो कधी सुचला नव्हता. तो प्रश्न असा, ‘भाऊ, काल रात्री किती घंटे झोपले?’

गेल्या ऑक्टोबर महिन्यात कामानिमित्त अलिबागला एका रात्रीचा मुक्काम झाला. त्या मुक्कामाने हा प्रश्न मला शिकवला. आरोग्याच्या सदरात प्रवासवर्णन कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण लेख शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती. कारण असा प्रवास आपल्यापैकी प्रत्येकाला वर्षातून एकदा तरी घडतोच. कधी मुलाखत असते, कधी कोर्टाची तारीख, कधी मुंबईच्या दवाखान्यातला रुग्ण, तर कधी लग्न.

प्रसंग तसा साधाच आहे. अलिबागला दोन दिवसांचा प्रशिक्षण वर्ग होता. कामरगाव आणि आसपासच्या गावांतले आम्ही पाच जण जाणार होतो. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून नागपूर ते भिवंडीजवळचे आमने असा पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला आहे. कारंजाला त्यावर चढले की मुंबईच्या वेशीवरच उतरायचे. मग रेल्वेचे आरक्षण कशाला अन् मुंबईची गर्दी कशाला? गाडी करू, रात्री निघू, सकाळी पोचू, म्हणजे एक दिवस वाचेल. हा हिशेब आमच्यातल्याच एकाने मांडला आणि सर्वांनी माना डोलावल्या. त्यात माझीही मान होती.

संध्याकाळी सात वाजता गाडी दारात आली. चालक तिशीतला, हसतमुख, हात साफ असलेला. व्यसन म्हणाल तर खर्र्याचे. सोयाबीनचा हंगाम होता. त्या दिवशी पहाटे पाचला उठून त्याने मालकाच्या दुसऱ्या गाडीतून कारंजाच्या बाजार समितीत माल नेला होता. दुपारी एका रुग्णाला अकोल्याला सोडून तो परत आला आणि हातपाय धुऊन आमच्यासाठी हजर झाला. हे सगळे त्याने शिर्डी मागे पडल्यावर गप्पांच्या ओघात सांगितले. तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. म्हणजे हा माणूस वीस तास जागा होता. मी झोपेतच ‘दमानं चालव बाबा’ एवढे म्हणालो आणि पुन्हा डोळे मिटले. डॉक्टर म्हणून मला त्या क्षणाची आजही लाज वाटते.

मुक्काम कोणाचा?

सकाळी सहाला आम्ही अलिबागला सुखरूप पोचलो. दिवसभर आम्ही वर्गात बसलो. चालकाने गाडी धुतली, आमच्यातल्या दोघांची बाजारातली कामे केली आणि दुपारी झाडाखाली गाडीत दोनएक तास डोळे मिटले. संध्याकाळी आम्ही त्याला समुद्रावर घेऊन गेलो. त्याने समुद्र प्रथमच पाहिला. ओहोटी होती आणि माणसे चालत कुलाबा किल्ल्याकडून परत येत होती. त्याने घरी फोन लावून लेकीला लाटा दाखवल्या. ‘पाय भिजवू का?’ असे लहान मुलासारखे विचारले. आम्हालाही बरे वाटले. चालकाला आपण माणसासारखे वागवले, असे समाधान वाटले. वास्तविक त्या वेळी त्याला समुद्रापेक्षा झोपेची गरज जास्त होती.

रात्री लॉजवर आमच्यासाठी दोन खोल्या होत्या. चालकाचे काय, असे विचारल्यावर व्यवस्थापक म्हणाला, ‘ड्रायव्हर लोक गाडीतच झोपतात. आवारात लाइट आहे.’ चालकही लगेच म्हणाला, ‘आपल्याले सवय हाय साहेब. गाडीजवळ कोणी पायजेच, मालकानं सांगतलं.’ विषय तिथेच संपला.

रात्री दोनच्या सुमारास तहान लागली म्हणून मी उठलो आणि गॅलरीत आलो. खाली आवारात सात-आठ गाड्या ओळीने उभ्या होत्या. एका गाडीच्या उघड्या दारातून दोन पाय बाहेर आलेले. एका गाडीचे इंजिन घरघरत होते, काचा बंद, आत एसी लावून कोणी झोपलेला. आमचा चालक कुंपणाच्या भिंतीवर बसून दुपट्ट्याने डास हाकत होता. काच उघडावी तर डास, लावावी तर उकाडा. आपल्याकडचा उकाडा कोरडा असतो, घाम येतो आणि वाळतो. समुद्रकाठी हवाच ओली असते. घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. गाढ झोप लागण्यासाठी शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते. ते उतरले नाही तर माणूस रात्रभर कूस बदलत राहतो. मी त्याला वर बोलावले, तो नाही म्हणाला. मी पुन्हा जाऊन झोपलो. पंखा होता, गादी होती. दुसऱ्या रात्री आम्हा पाच जणांना साडेसहाशे किलोमीटर परत नेणारा माणूस मात्र भिंतीवर बसून होता.

शरीरातले घड्याळ

आता थोडे शास्त्र. आपल्या मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात तिथे, तांदळाच्या दाण्याएवढा पेशींचा एक पुंजका आहे. हेच शरीराचे मुख्य घड्याळ. उजेड आणि अंधार पाहून ते शरीराला कधी जागे राहायचे अन् कधी झोपायचे याचा हुकूम देते. हे घड्याळ पेशीच्या पातळीवर कसे चालते, हे उलगडणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या घड्याळानुसार रात्री दोन ते पहाटे सहा ही वेळ सर्वांत गाढ झोपेची. दुपारी दोन ते चार या वेळात थोडी सौम्य भरती पुन्हा येते. जेवून सतरंजीवर आडवे व्हावेसे वाटते ते त्यामुळेच. या वेळांत डोळे उघडे ठेवता येतात, पण मेंदू पूर्ण जागा ठेवता येत नाही.

या घड्याळाशेजारी दुसरा एक हिशेब चालू असतो. आपण जितके तास जागे राहतो, तितके झोपेचे कर्ज वाढत जाते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सतत १७ तास जागा राहिलेला माणूस आणि १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेला माणूस, यांची कामातील सफाई सारखीच घसरलेली त्यांना आढळली. चोवीस तासांच्या जागरणानंतर ही घसरण जवळपास दुप्पट दारू प्यायल्यासारखी होती. आता आपला कायदा पाहा. भारतात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू असलेल्याने गाडी चालवणे हा गुन्हा आहे. म्हणजे दारूच्या थेंबालाही न शिवलेला आमचा चालक त्या रात्री शिर्डीजवळ, मेंदूच्या दृष्टीने, कायद्याची मर्यादा ओलांडून बसला होता. आणि आम्ही पाच सुशिक्षित माणसे त्याच्या मागे घोरत होतो.

दारू यंत्रात फुंकर मारली की सापडते. झोप कोणत्याच यंत्रात सापडत नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतील बहुतेक अपघातांपुढे ‘अतिवेग’ असे कारण नोंदलेले असते. त्या वेगामागे किती डोळे मिटलेले होते, हे पंचनाम्यात कसे कळणार?

डुलकीचे अंतर

परतीच्या रात्री व्हायचे तेच झाले. वर्ग संपवून पाचला निघालो. पेण-पनवेलची गर्दी पार करून नऊच्या सुमारास जेवलो. रात्री दीडच्या सुमारास जालना मागे पडले होते. रस्ता सरळ, रिकामा, ना गाव ना माणूस. अचानक डाव्या चाकांखालून घरघर आवाज आला. पुढच्या सीटवरचे आमचे औषध दुकानदार मित्र ओरडले. चालकाने गाडी सावरली. पुढच्या पेट्रोल पंपावर आम्ही थांबलो. ‘डोळा नवता लागला साहेब, पापणी जड झालती फक्त,’ तो म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता. तीन-चार सेकंदांची डुलकी येते तेव्हा ज्याला ती येते त्यालाच कळत नाही, हेच तिचे वैशिष्ट्य. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी चार सेकंदांत १११ मीटर जाते. एक एकराच्या चौरस वावराची एक बाजू साधारण ६४ मीटर भरते. म्हणजे जवळजवळ दोन एकरांची लांबी त्या गाडीने डोळे मिटून पार केली होती.

आम्ही ज्या पट्ट्यात होतो तो पट्टा वाचकांच्या स्मरणात असेल. १ जुलै २०२३ रोजी नागपूरहून पुण्याला निघालेली खाजगी बस सिंदखेड राजाजवळ दुभाजकाला धडकून पेटली आणि २५ प्रवासी गेले. वेळ रात्री दीडच्या सुमाराची होती. त्याआधी ८ ऑक्टोबर २०२२ रोजी यवतमाळहून मुंबईला निघालेली बस पहाटे नाशिकला ट्रकवर धडकून पेटली. त्यात १२ जण दगावले. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी सैलानी बाबांच्या दर्शनाहून नाशिककडे परतणारी गाडी वैजापूरजवळ मध्यरात्रीनंतर ट्रकवर आदळली आणि आणखी १२ माणसे गेली. या अपघातांच्या कारणांचा निवाडा करणे माझे काम नाही. ते पोलिसांचे आणि न्यायालयाचे. मी फक्त घड्याळ पाहतो. तिन्ही वेळा माणसाचे शरीर झोपेच्या हुकुमाखाली होते.

सवयीची फसवणूक

‘सवय हाय’ हे वाक्य मी दवाखान्यात चालकांकडून अनेकदा ऐकतो. जागरणाची सवय होते ती फक्त जागरणाच्या त्रासाची. मेंदूची झोपेची भूक सवयीने कमी होत नाही. कमी होते ती आपण थकलो आहोत ही जाणीव. म्हणून सवयीचा चालक हा जास्त धोक्यात असतो.

खिडकी उघडणे, मोठ्याने गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे हे सारे काही मिनिटांचे उपाय. खर्रा आणि तंबाखू चघळत ठेवून जागणारे पुष्कळ आहेत. तंबाखूतले निकोटिन मेंदूला थोडा वेळ टोचणी देते, पण झोपेचे कर्ज एक पैसाही फिटत नाही. उलट गालात पांढरे चट्टे घेऊन हीच मंडळी पुढे माझ्याकडे येतात, तोंड उघडत नाही म्हणतात. चहा-कॉफीचा उपयोग होतो, पण तिचा परिणाम जाणवायला वीस ते तीस मिनिटे लागतात. म्हणून चहा घेऊन गाडी बाजूला लावावी आणि पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटावेत. उठेपर्यंत चहाही कामाला लागतो. हा तात्पुरता उपाय म्हणून चांगला आहे, पण रात्रीच्या झोपेची जागा तो घेऊ शकत नाही.

खाट कोणी द्यायची?

आता माझे मत सांगतो. मुक्कामी प्रवासात चालकाची खाट ही चालकाची खाजगी बाब नाही. ती गाडीतल्या सर्वांच्या औषधपाण्याइतकी गरजेची आहे आणि तिची जबाबदारी गाडी ठरवणाऱ्यावर आहे.

ही काही नवी गोष्ट नाही. आपले आजोबा-पणजोबा बैलगाडीने कारंजाला गुरुमहाराजांच्या दर्शनाला जात. मुक्कामाला पोचल्यावर आधी बैल सोडत, पाणी दाखवत, वैरण टाकत, मगच माणसांची चूल पेटे. दमलेल्या बैलाला जुंपणाऱ्याला गाव नाव ठेवी. रेल्वेने इंजिन चालवणाऱ्यांसाठी रनिंग रूम बांधल्या, तिथे खाट असते आणि जेवणही मिळते. खेड्यात मुक्कामी येणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हर-कंडक्टरला अंथरूण नि भाकरी देणारी घरे वडीलधाऱ्यांना आठवत असतील. सकाळची पहिली गाडी हाच माणूस चालवणार, हे गावाला ठाऊक होते. भाड्याच्या गाड्या आल्या आणि हे शहाणपण कुठेतरी वाटेत सांडले.

कायदा आहे काय? १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांपूर्वी किमान अर्ध्या तासाची विश्रांती, असे घालून दिले होते. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायालाच लागू होता. एक मालक, दोन गाड्या आणि दोन चालक असा आपल्याकडचा धंदा त्यात कधी बसलाच नाही. युरोपात मोठी वाहने चालवणाऱ्याला साडेचार तासांनंतर ४५ मिनिटे थांबावेच लागते आणि त्याची नोंद गाडीतले यंत्र ठेवते. तामिळनाडू सरकारने २०२३ मध्ये हॉटेल व लॉजच्या बांधकाम नियमांत चालकांसाठी झोपण्याची व शौचालयाची सोय सक्तीची केली. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर घाटमाथ्यावरून अन् विदर्भातून रोज गाड्या उतरतात. तिथे अशी सक्ती आपल्या शासनाने करायला काय हरकत आहे?

सरकारी व निमसरकारी कार्यालयांनाही एक विनंती. वर्ग आणि बैठकी सकाळी दहाला ठेवून साडेसहाशे किलोमीटरवरून माणसे बोलावली की ती रात्रीच निघणार. सुरुवात दुपारी ठेवा किंवा आदल्या दिवसाचा मुक्काम मंजूर करा.

काही जण म्हणतील, आम्ही चालकाला भत्ता देतो, त्याने खोली घ्यावी. हा युक्तिवाद फसवा आहे. हातात दिलेला भत्ता तो घरी नेणार. लेकीच्या वह्या येतील, पण झोप येणार नाही. त्यात त्याची चूकही नाही. म्हणून भत्ता द्याच, शिवाय खाटेचे पैसे लॉजवाल्याकडे परस्पर भरा. गाडी राखायची तर ती कुलूप लावून उजेडात उभी करा. मालकाला तसे आधी फोनवर सांगा, म्हणजे चालकावर बोल येणार नाही.

वाचकांनी एवढे करावे :

१. गाडी ठरवताना चौथा प्रश्न विचारा. आदल्या रात्री सहा-सात तास झोप झालेली नसेल, तर दुसरा चालक मागा किंवा पहाटे निघा.

२. रात्री दोन ते पहाटे सहा या वेळात शक्यतो गाडी रस्त्यावर नको. लांबच्या रात्रीच्या प्रवासासाठी मूर्तिजापूरची रेल्वे बरी. अलिबागला जायचे तर मुंबईहून पावसाळा सोडून गेटवे ते मांडवा लाँचही मिळते.

३. दर दोन-अडीच तासांनी थांबा. पुढच्या सीटवरच्या माणसाने झोपू नये. चालकाची जांभई, वारंवार डोळे चोळणे, गाडी पट्टा सोडणे ही थांबण्याची खूण समजा.

४. चालकाने सर्दीची, खाजेची किंवा गाडी लागू नये म्हणून मिळणारी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. यांतील अनेक गोळ्यांनी गुंगी येते. मधुमेहाचे औषध चालू असेल तर जेवण चुकवू नये.

५. इंजिन चालू ठेवून, काचा लावून गाडीत झोपू नये. कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस उठतच नाही.

६. जो चालक मोठ्याने घोरतो, झोपेत श्वास अडकून दचकतो आणि दिवसा पेंगतो, त्याने डॉक्टरांना दाखवावे. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

त्या रात्री पंपावर आम्ही चालकाला मागच्या सीटवर आडवे केले. तो दोन मिनिटांत घोरू लागला. आम्ही पाच जण बाहेर कट्ट्यावर बसून राहिलो. साडेचारला तो आपणहून उठला, चहा प्यायला, आणि सकाळी आठपर्यंत आम्ही कामरगावला होतो. उशीर झाला तो केवळ तीन तासांचा. आमच्यातल्या एकाची सकाळची शाळा चुकली, माझे चार रुग्ण ताटकळले. पाचही घरी माणसे वाट पाहत होती, आणि सहावे घर त्याचे.

पुढच्या महिन्यात पुन्हा मुंबईचे काम आहे. गाडी तीच, चालक तोच. या वेळी फोनवर किलोमीटरच्या भावाआधी मी त्याच्या झोपेचे विचारले. तो हसला, म्हणाला, ‘कायले विचारता साहेब?’ मी म्हणालो, ‘माझ्यासाठी विचारतो, बाबा.’